व्यतिरेकाचं पान

मुकुंदा, परवा दौंडला भीमेच्या काठावर तुझ्या दहाव्याला मला चार शब्द बोलायला उभं केलं आणि मी धडधडीत खोटं बोललो. "मुकुंद सर म्हणजे ज्ञानाचा सागर," असं म्हणालो. तुझ्या शाळेतल्या मास्तरांनी माना डोलावल्या. तू असतास तर तिथल्या तिथं म्हणाला असतास, "रूपक. तेही शिळं. दहापैकी तीन." मला बोलायचं होतं ते वेगळंच. पण समोर वहिनी बसल्या होत्या, शेजारी तुझे वडील रेल्वेतला जुना काळा कोट घालून बसले होते. अशा ठिकाणी मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. कुणाला हात जोडून काही कबूल करावं लागलं नाही, दर्भाचा कावळा करावा लागला नाही. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, चला, सरांचं काही राहिलं नव्हतं. मला संताप आला. तुझं राहिलं नसेल, माझं राहिलं होतं. घाटाच्या पायऱ्या चढताना मी ठरवलं की हे कागदावर तरी भांडून घ्यायचं.

आधी जे तुझं देणं आहे ते लिहितो, नाहीतर तू म्हणशील म्हस्कू एकांगी लिहितो.

शिरूरला अध्यापक विद्यालयात आपली पहिली गाठ पडली ती माझ्या फजितीत. तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला, पुस्तकांच्या घरातला. मी घोडनदीच्या कडेचा, इनामगावाच्या अलीकडच्या वस्तीवरचा, मेंढक्यांच्या घरातला. आजोबांच्या मागं कळप मोडला, बापानं रान धरलं, घरात चार-दोन मेंढरं तेवढी राहिली. पण कान मेंढरांच्यातच तयार झालेले. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी मला उठवून विचारलं, "चरण म्हणजे काय?" मला खरंच एकच अर्थ ठाऊक होता. मी म्हणालो, "मेंढरांचं चरणं का, सर?" वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. मी उभाच, आणि कानाच्या पाळ्या तापलेल्या.

तेव्हा तू उठलास. ओळख ना पाळख. शांतपणे म्हणालास, "सर, त्यानं श्लेष केला." सरांनाही हसू आलं. "बरं, श्लेषकर्ते, बसा," म्हणाले, आणि हसण्याची जात बदलली. संध्याकाळी मी तुला गाठून विचारलं, "श्लेष म्हंजी काय रं?" तू म्हणालास, "एका शब्दाचे दोन अर्थ. कवितेच्या ओळीला चरण म्हणतात. तू चुकला नाहीस, तुला एक अर्थ जास्तीचा माहीत आहे." त्या एका वाक्याच्या जोरावर मी दोन वर्षं काढली, मुकुंदा. आजही कुणी पोर वर्गात भलतंच उत्तर देतं तेव्हा मी आधी बघतो की त्याला जास्तीचं काय माहीत आहे. हे तू दिलंस. म्हणून तर जे नंतर केलंस त्याचा राग जात नाही. ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

मग रोज संध्याकाळी नदीवर जायचो, आणि तू शिकवायचास. उपमेय कुठलं आणि उपमान कुठलं हे मला काही केल्या उमजेना. परीक्षेत उलटंपालटं लिहायचो. तू म्हणालास, "शब्द फोडून बघत जा. मेय म्हणजे मापायचं ते. मान म्हणजे माप. उपमेय ज्वारी, उपमान शेर. आधी ज्वारी कुठली ते शोध." झालं, डोक्यात लख्ख बसलं. पुस्तकात चेहरा आणि चंद्र असायचे, मी मनात म्हणायचो चेहरा ज्वारी, चंद्र शेर. उत्प्रेक्षा तू माझ्याच भाषेत सांगितलीस, "जणू आलं की समज माप आणि ज्वारी एकच वाटायला लागली." कथेचे शब्दही तसेच, कथानक, निवेदक, संघर्ष. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे, एका माणसाला दोन गोष्टी हव्या असतात आणि एकच मिळणार असते, असं तू म्हणालास. कुठल्याही पुस्तकात मला ते इतकं सोपं सापडलं नाही.

दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली. गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. आईही गेली, खडी फोडायला. शनिवारी मी घरी गेलो की ती ताटात भाकरी टाकायची आणि मी तिच्या हाताकडं बघायचो. तळहाताचा रंग गेला होता, बोटं पूर्ण मिटत नव्हती. चुलीतला निखारा ती हातानंच सारायची आणि तिला कळायचं नाही. मी शिरूरला परत आलो आणि वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहिल्या.

खडीहून कडक माझ्या आईचा हात;
खडी फुटते, तो फुटत नाही.

कविता म्हणून नव्हे. लिहिल्याशिवाय राहवलं नाही म्हणून. तुला दाखवल्या, कारण दुसरं कोण होतं. तू वाचल्यास, पुन्हा वाचल्यास, आणि तुझ्या सवयीनं बोटं मोडून म्हणालास, "ज्वारी हात. शेर खडी. आणि ज्वारी शेराला वरचढ झाली. म्हस्कू, हा व्यतिरेक आहे. पुस्तकातल्यापेक्षा चोख." हे तू म्हणालास. नदीच्या कडेला, तुझ्या तोंडानं. मी ते अजून शब्दाला शब्द सांगू शकतो. नंतर तू विसरलास.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तू वस्तीवर आलास. आईनं तुला डाळीचं कोरड्यास आणि भाकरी वाढली, आणि निघताना तुझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तेव्हा तू जरासा मागं सरलास. अगदी जरासा. तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तो हात गालाला खरवडतो हे मला माहीत होतं, म्हणून मी काही मनात धरलं नाही. पण पुढं जेव्हा तू म्हणालास की ह्या ओळी शास्त्रानं बघ, आईला मध्ये आणू नकोस, तेव्हा मला तुझा तो मागं सरलेला गाल आठवला.

आपण दोघं नोकरीला लागलो. तू दौंडला, मी वरवंडला. दोन वर्षांनी तुझं अलंकारांचं गाईड निघालं. सातवीपासून मॅट्रिकपर्यंत चालणारं, निळ्या पुठ्ठ्याचं. तू स्वतः यवतच्या स्टँडवर मला गाठून पहिली प्रत दिलीस. मी एस.टी.त बसून चाळत होतो. उपमेय-उपमानाला ज्वारी आणि शेर होते. मला फार आनंद झाला. व्यतिरेकाच्या पानावर माझ्या ओळी शोधल्या. नव्हत्या. म्हटलं ठीक आहे, राहिल्या असतील. मग शेवटी काव्यदोषांचं प्रकरण आलं. तिथं जाड अक्षरात "ग्राम्य" आणि खाली, "ज्या रचनेत अशिष्ट, असंस्कृत कल्पना वा शब्द येतो तेथे हा दोष होतो. उदा." आणि त्या उदाहरणापुढं माझ्या आईचा हात.

एस.टी. वरवंडला थांबली ते मला कळलंच नाही. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात मागं चालत आलो.

मी लगेच भांडलो नाही. तुला माझी ही सवय माहीत होती आणि तू तिचा फायदा घेतलास. पुढच्याच महिन्यात तू आमच्या वस्तीवर आलास आणि ओट्यावर बसून आईला म्हणालास, "मावशी, तुमचा हात पुस्तकात छापलाय बरं का." कुठल्या पानावर, ते सांगितलं नाहीस. आई आधी लाजली, मग हसली, मग पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, "माझ्या हातात काय हाय रं छापण्यासारखं." आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. स्वतः कातलेल्या लोकरीची, माझ्या लग्नासाठी ठेवलेली. ती तिनं तुझ्या खांद्यावर टाकली.

तू ती घेतलीस.

मी तिथंच दाराशी उभा होतो, मुकुंदा. मीही बोललो नाही. तिचा चेहरा बघून जीभ उचलली नाही. हे पाप निम्मं माझं आहे आणि मी ते तुझ्या अंगावर ढकलत नाही. पण घोंगडी घडी करून काखेत मारताना तरी तुला काही वाटायला हवं होतं.

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "ती ओळ तिथं का टाकलीस?" तू म्हणालास, "अरे, ग्राम्यतेला मराठी उदाहरणच मिळेना. सगळी संस्कृतातली. प्रकाशक घाई करत होता. पुढच्या आवृत्तीत बदलू." तुला मराठी उदाहरण मिळेना. आणि माझ्या वहीत तुला ते मिळालं. मी म्हणालो, "तूच व्यतिरेक म्हणाला होतास." तू म्हणालास, "तेव्हा आपण शिकत होतो."

दुसरी आवृत्ती निघाली. तिसरी निघाली. पान तेच.

गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात काय झालं ते तुला सांगायचं राहून गेलं, कारण नंतर आपलं बोलणंच थांबलं. मी ते प्रकरण शिकवत नसे. पण पोरं तुझं गाईड घरी पाठ करून येतात. मी सहज विचारलं, दोष कोणकोणते. शकुंतला नावाची मुलगी आहे, हुशार, तिचे आई-बाप मजुरीला जातात. ती उठली आणि खडाखडा म्हणाली, "ग्राम्य. उदाहरण, खडीहून कडक माझ्या आईचा हात." मी विचारलं, "ह्यात दोष काय?"

"हात कडक हाय म्हणून, सर."

"तुझ्या आईचा कसा आहे?"

तिनं वर्गाकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "माझ्या आयचा मऊ हाय, सर."

मी तिच्या आईला ओळखतो. आमच्या शाळेच्या कुंपणाची दगडं तिनंच डोक्यावरून आणलीत. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया त्या दुष्काळात खडीवर होत्या, आणि एकही पोरगं उठून म्हणालं नाही की आमच्या आईचा हात कडक आहे. तुझ्या गाईडात दोष लिहिलाय ना. परीक्षेत त्याला दोन गुण आहेत. तू काय केलंस ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. तू माझ्या आईचा अपमान केलास असं मी तोवर धरून चाललो होतो. तू पोरांना त्यांच्या आया लपवायला शिकवलंस.

म्हणून मी दौंडला आलो. स्टेशनवर फलाटाच्या टोकाशी चहा घेत आपण बोललो ते शेवटचं. मला ही शकुंतलेची गोष्ट सांगायची होती, पण तू सुरुवातच अशी केलीस की ती तोंडातच राहिली. तू म्हणालास, "हे बघ, व्यतिरेकात उपमेय श्रेष्ठ ठरावं लागतं. कडकपणा हा हाताचा गुण नाही. मऊपणा हा गुण. मग श्रेष्ठ ठरलं कुठं? शास्त्रानं बघ, आईला मध्ये आणू नकोस."

मी म्हणालो, "खडी फोडायला मऊ हात घेऊन जाऊन दाखव, मग सांग कुठला गुण."

"तू भावनेत बोलतोयस."

"व्हय. भावनेतच बोलतोय. कविता काय चुन्यात कालवून करत्यात का?" मला राग आला की माझी बोली परत येते, हे तुला माहीत. तू हसलास. त्या हसण्यात मला पहिल्या आठवड्यातला वर्ग ऐकू आला. तो अर्धा चहा तसाच ठेवून मी निघालो. आठ महिने पत्र नाही, निरोप नाही. तू पहिलं पाऊल टाकशील म्हणून मी थांबलो. तूही माझ्यासाठी थांबला होतास की काय, ते आता विचारायचं कुणाला? यवतच्या एका मास्तरानं एस.टी.त सांगितलं की मुकुंद सर काविळीत गेले. मला आधी वाटलं, दुसरा कुणीतरी मुकुंद.

दहाव्यानंतर वहिनींनी मला घरी बोलावलं. पिशवीत कागदांचा गठ्ठा दिला. चौथ्या आवृत्तीची प्रूफं. म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच तपासा. ह्यांची रीत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही." त्यांना आपल्या भांडणाचं काहीच माहीत नव्हतं. तू घरी बोलला नव्हतास. मी पिशवी घेतली आणि खरं सांगतो, दौंड ते वरवंड माझ्या मनात एकच होतं, की तू ते बदललं असशील. आजारी पडण्याआधी तू प्रूफं हाताळली होतीस. कडेनं तुझी शिसपेन्सिल होती. मी मधली पानं सोडून थेट शेवटाकडं गेलो.

त्या पानावर तुझी एक दुरुस्ती होती. छापणाऱ्यानं "खडीहुन" असं ऱ्हस्व केलं होतं, ते तू दीर्घ केलंस. बारीक, सुबक, समासात बाण काढून. बाकी सगळं जागच्या जागी.

ऊकाराची चूक तुझ्या नजरेतून सुटली नाही. ज्या माणसानं मला शब्द फोडून बघायला शिकवलं, तो माणूस त्या ओळीवरून पेन्सिल फिरवताना थांबला, वाकला, एक ऊकार नीट केला आणि पुढं गेला. मला तुझी फार आठवण आली आणि फार राग आला. दोन्ही एकदमच. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा तेव्हा रडलो.

काल रविवार होता, वस्तीवर गेलो. आईला तुझी बातमी आधीच कळली होती. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, "लई गुणाचं पोर गेलं रं." मी पिशवी ठेवून शेजारी टेकलो. मग ती म्हणाली, "त्यानं माझा हात छापलाय म्हणत व्हता, ते पुस्तक मला एकदा बी दावलं न्हाईस तू. आज दाव."

खरं आहे. चार वर्षं मी ते पुस्तक घरी नेलं नव्हतं. पण प्रूफं पिशवीत होती. टाळायला कारण सुचलं नाही. मी ते पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात पदराला पुसले आणि कागदावर बोट टेकवलं, ओळीवर नव्हे, वरच्या जाड अक्षरावर.

"ह्यो एवढा जाड सबुद कसला?"

"ग्राम्य."

"म्हंजी?"

अशिष्ट म्हणू? असंस्कृत म्हणू? तिच्या तोंडावर बघून मी तू शिकवलंस तेच केलं, शब्द फोडला. "ग्राम म्हंजी गाव, आय. ग्राम्य म्हंजी गावचं."

तिनं त्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग मान हलवली.

"मंग बराबरच लिवलंय की त्यानं. गावचाच हाय माझा हात."

आपला वाद तिनं एका वाक्यात मिटवला, मुकुंदा, आणि तुझ्या बाजूनं मिटवला. ती परत शेंगा फोडायला लागली.

आज सकाळी मी लाल पेन्सिलीनं त्या दोन ओळी दोषांतून काढल्या आणि व्यतिरेकाच्या पानावर लिहिल्या. ग्राम्यतेला उदाहरण ठेवलं नाही, मिळेल तेव्हा दुसरा कुणी घालील. पुठ्ठ्यावर नाव तुझंच राहील. शकुंतलेच्या मागची पोरं पाठ करतील आणि म्हणतील, मुकुंद सरांनी काय उदाहरण दिलंय. तू मात्र हे केलं नाहीस, आणि आता कधीच करणार नाहीस. वहिनींकडं उद्या गठ्ठा पोचता करीन. आईला अजून सांगितलं नाही की तो जाड शब्द तिच्या हातावरून मी काढून टाकला.